परतीचं तिकीट असलेल्या प्रेमकथा

हा आजच्या भागाचा लिखित मजकूर. भिसे खिंडीत ज्यांचं नेटवर्क जातं त्यांच्यासाठी, आणि ज्यांना ऑफिसात इअरफोन लावून बसता येत नाही त्यांच्यासाठीही. बोलताना मी जिथे तिथे 'म्हणजे' म्हणते, ते बरंचसं काढून टाकलंय. बाकी तसंच ठेवलंय.

विषय आला एका श्रोतीच्या मेसेजमधून. आपल्याच जिल्ह्यातली आहे, नाव सांगत नाही. ती लिहिते, "ताई, जानेवारीत माझं लग्न आहे. मुलाला तीनदा भेटलेय, त्यात दोनदा घरचे शेजारच्या टेबलवर बसले होते. मला आता थ्रिलर नको, खून नको. जुन्या काळातली प्रेमकथा सांग. स्वच्छ असावी, थोडी देवाधर्माची असली तरी चालेल, वाचून उभारी यावी. आणि नाताळच्या सुट्टीत पांघरुणात बसून वाचायला काहीतरी उबदार सांग. फक्त खोटं बोलणारी पुस्तकं नकोत."

शेवटचं वाक्य नसतं तर मी पाच नावं पाठवून मोकळी झाले असते. त्या वाक्यामुळे अख्खा भाग करावा लागला.

ती जे मागतेय त्याला इंग्रजी पुस्तकांच्या बाजारात रीतसर नाव आहे: 'इन्स्पिरेशनल हिस्टॉरिकल रोमान्स'. अमेरिकेत त्याचं मोठं दुकान आहे. नियम आधीच ठरलेले, आमच्या प्रोजेक्टची रिक्वायरमेंट फ्रीझ झाल्यासारखे. काळ जुना हवा. श्रद्धा हा गोष्टीचा कणा हवा, नुसतं तोंडी लावणं नव्हे. खोलीचं दार वाचकासाठी बंद. आणि शेवट गोड. यातलं सगळ्यात गाजलेलं उदाहरण म्हणजे जेनेट ओक या कॅनडातल्या लेखिकेचं 'लव्ह कम्स सॉफ्टली'. १९७९ सालचं. मार्टी नावाची कोवळी मुलगी नवऱ्याबरोबर पश्चिमेकडे नव्या जमिनीच्या शोधात निघते. वाटेत नवरा अपघातात जातो. ज्या दिवशी त्याला पुरतात त्याच दिवशी क्लार्क नावाचा एक विधुर शेतकरी तिला लग्नाचं विचारतो. प्रेमासाठी नाही. त्याच्या लहान मुलीला आई हवी आहे, आणि मार्टीला येणाऱ्या थंडीत डोक्यावर छप्पर. आधी लग्न, मग प्रेम. आपल्याकडच्या आज्या हे ऐकून म्हणतील, यात नवीन काय?

नवीन आहे ते एका कलमात. क्लार्क तिला सांगतो, वसंत आला की परत पूर्वेकडे जाणाऱ्या गाड्या निघतील. तुला इथे राहायचं नसेल तर तुझं भाडं मी भरेन. हे वाचताना मी थांबले होते. अख्खी कादंबरी त्या एका वाक्यावर उभी आहे. मार्टी राहते, कारण ती जाऊ शकत होती. तिच्या खिशात परतीचं तिकीट होतं म्हणून तिचं राहणं हे प्रेम झालं. तिकीट नसतं तर तेच राहणं नुसता नाइलाज झाला असता.

मग मी आपल्याकडची पुस्तकं याच एका प्रश्नाने तपासायला बसले. गोष्टीतल्या बाईकडे परतीचं तिकीट आहे का? नसेल, तर पुस्तक ते कबूल करतं का, की त्यावर फुलं पसरतं? श्रोतीच्या 'खोटं बोलणारी नकोत'चा मी लावलेला अर्थ एवढाच.

सुरुवातीलाच एक गंमत सापडली. मराठीतली पहिली कादंबरी म्हणून जिचं नाव घेतात ती बाबा पदमनजींची 'यमुनापर्यटन', १८५७ सालची. पदमनजी बेळगावचे, ख्रिस्ती झालेले लेखक. विधवाविवाहाचा कायदा आदल्याच वर्षी, १८५६ मध्ये झाला होता. कादंबरीतली यमुना नवऱ्याबरोबर, विनायकबरोबर, महाराष्ट्रभर प्रवास करते, आणि ठिकठिकाणी विधवांचे हाल बघते. पुढे विनायक जातो आणि यमुना स्वतः विधवा होते. ती ख्रिस्ती होते आणि पुन्हा लग्न करते. म्हणजे बघा: समंजस जोडपं, श्रद्धा, दुःख, शेवटी दुसरं लग्न. अमेरिकन दुकानातल्या फळीवर सहज बसेल अशी गोष्ट मराठी कादंबरीच्या पहिल्याच पानावर आहे! वाचायला मात्र ती सोपी नाही. उपदेश भरपूर आणि भाषा जुनी. मी ती शिफारस म्हणून सांगत नाहीये. 'असलं काही आपल्याकडे नव्हतंच' असं कोणी म्हणालं तर उत्तर हाताशी असावं म्हणून सांगतेय.

आता पेणला येऊ. पेण म्हटलं की गणपती आणि पोह्याचे पापड. पण पानिपतावर गेलेल्या सदाशिवरावभाऊंची बायको पेणची, हे मला शाळेत कोणी सांगितलं नव्हतं. पार्वतीबाई, पेणच्या कोल्हटकरांची लेक, भाऊंची दुसरी पत्नी. ती भाऊंबरोबर उत्तरेत गेली. १४ जानेवारी १७६१ला पानिपतात सगळं कोसळलं तेव्हा ती तिथे होती. तिला तिथून कसंबसं बाहेर काढलं. भाऊ मारले गेले असं सगळ्यांनी मानलं. तिने मानलं नाही. तिने वैधव्य घेतलं नाही. कुंकू ठेवलं, आणि पुढची सगळी वर्षं पुण्यात सवाष्ण म्हणून जगली.

मग आला तोतया. आपणच भाऊसाहेब असं सांगणारा एक माणूस उभा राहिला. त्याला पकडून रत्नागिरीच्या किल्ल्यात ठेवलं होतं. १७७६ मध्ये तो तिथून सुटला. त्याने कोकणात फौज जमवली, किल्ले घेतले आणि बोरघाटाकडे सरकला. हरल्यावर पळाला तेव्हा त्याला धरलं कुलाब्याच्या रघूजी आंग्र्यांनी. त्याच वर्षी पुण्यात त्याला देहदंड झाला. न. चिं. केळकरांचं 'तोतयाचे बंड' हे नाटक याच प्रकरणावर आहे.

आता विचार करा. पंधरा वर्षं जी बाई 'ते जिवंत आहेत' म्हणतेय, तिच्या माहेरच्या मुलखात कोणीतरी येऊन 'मीच तो' म्हणतो. यात राजकारण खूप आहे आणि इतिहासाची पुस्तकं त्याबद्दलच बोलतात. मला दिसते ती वाड्यातली एक खोली आणि बातमी घेऊन येणारा माणूस. ना. सं. इनामदारांची 'शिकस्त' ही कादंबरी पार्वतीबाईंची आहे. ती जरूर वाचा. उबदार नाही, पण आपल्या गावची आहे. परतीच्या तिकिटाचं काय? पार्वतीबाईचं वागणं त्या बाबतीत विलक्षण आहे. तेव्हाच्या ब्राह्मण घरात नवरा गेलेल्या बाईला दोनच वाटा होत्या, आणि दोन्ही वाईट. तिने तिसरी काढली. ते प्रेम होतं, धक्का होता, की हुशारी होती? मला तिन्ही वाटतं. कोणी एकच आहे असं सांगितलं तर मी विश्वास ठेवणार नाही.

इनामदारांचीच 'राऊ' तुम्हाला माहीत असेल. बाजीराव-मस्तानीची, १९७२ची, २०१५च्या हिंदी सिनेमामुळे पुन्हा खपलेली. चांगली आहे. पण ज्या मुलीचं पुढच्या महिन्यात लग्न आहे तिला मी दुसऱ्या बाईची गोष्ट पाठवणार नाही. पुढे.

खरी अडचण 'स्वामी'ची. रणजित देसाई, १९६२, साहित्य अकादमी पुरस्कार मिळालेली. मराठी घरात 'जुन्या काळातली स्वच्छ प्रेमकथा सांग' म्हटलं की दहातले आठ जण हेच नाव घेतात. माधवराव पेशवे आणि रमाबाई. मला ती आवडते. मी ती दोनदा वाचलीये आणि दोन्ही वेळा रडलेय. माधवराव १८ नोव्हेंबर १७७२ला थेऊरला गेले तेव्हा ते फक्त सत्तावीस वर्षांचे होते, माझ्याहूनही लहान. रमाबाई सती गेल्या. त्यांची समाधी थेऊरला आहे. पुस्तक हे सगळं इतक्या हळुवारपणे लिहितं की शेवटी ती चिता आपल्याला प्रेमाचा कळस वाटते. माझा आक्षेप नेमका इथे आहे. ज्या काळात विधवेचं जगणं जिवंतपणी मरण होतं, त्या काळातल्या बाईचं चितेवर चढणं हा निर्णय किती आणि निरुपाय किती, हा प्रश्न पुस्तकाच्या सुंदर भाषेत विरघळून जातो. सतीबंदी यायला तिथून पुढे सत्तावन्न वर्षं होती. 'स्वामी' वाचा, पण डोळे उघडे ठेवून वाचा. आणि हो, नाताळच्या सुट्टीत पांघरुणात बसून वाचायचं हे पुस्तक नव्हे, सर्दी नसताना नाक वाहील.

आता जरा अवघड भाग. आपल्याकडच्या खऱ्या, उभारी देणाऱ्या जोडप्यांच्या गोष्टी म्हणून दोन नावं नेहमी येतात: रानडे आणि जोशी.

रमाबाई रानडे यांचं 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' १९१० मध्ये आलं. प्रस्तावना गोपाळ कृष्ण गोखल्यांची. लग्न १८७३चं. ती अकराची, न्यायमूर्ती एकतिशीचे. विधवाविवाहाचा पुरस्कार करणारा माणूस पहिली बायको गेल्यावर वडिलांच्या हट्टापुढे नमला आणि लहान मुलीशी लग्न करून बसला. लोक हसले. मग त्या माणसाने तिला शिकवायला घेतलं, आणि घरातल्या बायकांनी तिला त्याबद्दल छळलं. पुस्तकातली सगळ्यात जिवंत पानं ही आहेत: दिवसभर घरातल्यांची बोलणी, आणि रात्री अभ्यास. टीव्हीवर 'उंच माझा झोका' लागायची ती याच जोडप्यावरची. याला प्रेमकथा म्हणायचं का? रमाबाई म्हणते. मी तिचा शब्द मोडणार नाही. पण अकराव्या वर्षी तिला कोणी विचारलं नव्हतं, हेही तितकंच खरं. पुस्तक ते लपवत नाही आणि म्हणून ते खोटं बोलत नाही.

आनंदीबाई जोशी नऊ वर्षांची असताना लग्न झालं, गोपाळराव तिच्याहून जवळजवळ वीस वर्षांनी मोठे. पोस्टात नोकरी, बदल्या. त्यातली एक आपल्या अलिबागेत. १८८६ मध्ये फिलाडेल्फियात ती डॉक्टर झाली, आणि २६ फेब्रुवारी १८८७ला, बाविसावं वर्ष पुरं व्हायच्या आधी, गेली. श्री. ज. जोशींची 'आनंदी गोपाळ' १९६८ची, तिच्यावरून २०१९ मध्ये सिनेमाही आला. सिनेमा बघून आलेल्या माझ्या मैत्रिणी म्हणाल्या, "असा नवरा हवा!" मला घशात आवंढा आला. अभ्यास सोडून स्वयंपाकघरात गेली म्हणून मारणारा नवरा? त्याने तिला जगाच्या पलीकडे पाठवलं हे खरं, आणि त्याने तिच्यावर हात उचलला हेही खरं. ही दोन वाक्यं एकमेकांना रद्द करत नाहीत. काशीबाई कानिटकरांनी १८८९ मध्येच आनंदीबाईंचं चरित्र लिहिलं, त्याच काळातल्या एका बाईने. कादंबरीबरोबर तेही बघावं. उभारी हवी तर आनंदीबाईकडून घ्या, नवरा कसा असावा याचा नमुना म्हणून नको.

एवढं सगळं वाचून श्रोती म्हणेल, ताई, तू मला घाबरवतेयस. नाही गं. आता खरी शिफारस.

लक्ष्मीबाई टिळक, 'स्मृतिचित्रे'. १९३४पासून भागांनी प्रसिद्ध झालं. एकच पुस्तक सांगायचं असेल तर हे. आणि ते विनोदी आहे, हे कोणी आधी सांगत नाही! लक्ष्मीबाई अकराव्या वर्षी नारायण वामन टिळकांची बायको झाली. हे कवी टिळक, लोकमान्य नव्हेत; माझ्या एका सहकाऱ्याने अर्धं पुस्तक होईपर्यंत गल्लत केली होती. माहेरी वडिलांना सोवळ्याचं वेड, बाहेरून आलेली वस्तू धुतल्याशिवाय घरात नाही. सासरी नवरा असा की हातात पैसा आला की तो कोणाला तरी देऊन येणार, आणि कुठे निघाला तर परत कधी येईल ते त्यालाही माहीत नाही. ती हे सगळं रागाने सांगत नाही. शेजारणीला जिन्यात थांबवून सांगावं तसं सांगते.

मग टिळकांना आगगाडीच्या प्रवासात एका युरोपियन सहप्रवाशाने बायबलमधला नवा करार दिला. वाचत गेले, आणि १८९५ मध्ये मुंबईत ते ख्रिस्ती झाले. बायकोला बातमी बाहेरून कळली. आता काय करायचं? कडेवर मूल, भोवती सनातनी नातेवाईक, आणि नवरा धर्माबाहेर. ती माहेरच्या माणसांकडे राहिली. जवळजवळ पाच वर्षं. टिळक पत्रं पाठवत राहिले, कविता पाठवत राहिले. पुढे ती त्यांच्याकडे गेली ती आपला धर्म आणि आपलं सोवळं बरोबर घेऊन. त्यांनी जबरदस्ती केली नाही. जातपात माणसाने केली की देवाने, हा विचार तिने स्वतः, आपल्या डोक्याने, आपल्या वेळात केला. १९०० मध्ये तिने बाप्तिस्मा घेतला.

बघा, परतीचं तिकीट! तिला ते लग्नाच्या वेळी मिळालं नव्हतं, कोणालाच मिळत नव्हतं. लग्नानंतर पंधरा वर्षांनी, संकटाच्या रूपाने मिळालं, आणि ते वापरून ती लांब राहिली. मग आपल्या पायांनी परत आली. ओकबाईंच्या कादंबरीत जे एका थंडीत होतं त्याला इथे पाच वर्षं लागतात, आणि मध्ये भांडणं, अपमान, आजारपण, उपास सगळं आहे. टिळक १९१९ मध्ये गेले. त्यांचं 'ख्रिस्तायन' हे महाकाव्य अपुरं राहिलं होतं, ते या बाईने पुरं केलं. लग्नात जेमतेम अक्षरओळख असलेल्या बाईने! घरात मराठी न वाचणारं कोणी असेल तर शांता गोखल्यांचा इंग्रजी अनुवाद २०१७पासून आहे.

तर, आधी लग्न आणि मग प्रेम असं खरंच होतं का, हा तिने न विचारलेला प्रश्न मला मेसेजात दिसला. होतं. 'स्मृतिचित्रे'त होतं. पण ते लग्नामुळे होत नाही. एकाने दाराला कडी लावली नाही आणि दुसऱ्याने स्वतःचं डोकं वापरलं, म्हणून होतं. त्या मुलाला चौथ्यांदा भेट, आणि घरच्यांना दुसऱ्या हॉटेलात बसव.

रोह्याची म्हणून एक गोष्ट सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही. चिंतामणराव देशमुख. जन्म महाडजवळच्या नात्याचा, १८९६चा. बालपण बरंचसं आपल्या रोह्यात. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, पुढे देशाचे अर्थमंत्री, आणि कुलाब्याचे खासदार. 'मेघदूत' मराठीत आणणारा माणूस, म्हणजे विरह त्यांना नुसता आकड्यांत माहीत नव्हता. त्यांची पहिली पत्नी रोझिना इंग्रज होती, ती १९४९ मध्ये गेली. दिल्लीत नियोजन आयोगात त्यांना भेटल्या दुर्गाबाई. आंध्रातल्या, स्वातंत्र्यलढ्यात तुरुंगात गेलेल्या, संविधान सभेच्या सदस्य. दुर्गाबाईंचं लग्न आठव्या वर्षी लावलं होतं. पंधराव्या वर्षी त्या त्यातून बाहेर पडल्या, घरच्यांच्या पाठिंब्याने. तिकीट वापरलं! आणि मग २२ जानेवारी १९५३ला, वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी, सत्तावन्न वर्षांच्या चिंतामणरावांशी लग्न केलं, साक्षीदारांत पंडित नेहरू. दुर्गाबाईंनी या सहजीवनावर इंग्रजीत पुस्तक लिहिलं, 'चिंतामण अँड आय'. गाजावाजा नसलेलं, दोन कामसू माणसांचं पुस्तक आहे. 'वय निघून चाललंय' हे वाक्य जिच्या कानावर रोज पडतं तिला, म्हणजे मला, हे फार आवडलं.

कादंबरीच हवी आणि शेवट गोडच हवा असा हट्ट असेल तर श्री. ना. पेंडशांची 'गारंबीचा बापू', १९५२. आपल्यासारखंच कोकण, सुपारीच्या बागा, गावाने ओवाळून टाकलेला बापू आणि चहाच्या हॉटेलातली राधा. राधेला गाव काय म्हणतं याचा बापूवर परिणाम होत नाही, एवढं सांगते. जास्त सांगितलं तर स्पॉइलर होईल.

आता नाताळ. 'कोझी ख्रिसमस फिक्शन' असं सर्च केलंत तर ढिगाने कव्हर दिसतात: बर्फ, लाल स्वेटर, बेकरी चालवणारी मुलगी, शहरातून गावी परतलेला मुलगा. वाईट नाहीत. बिस्किटाचा पुडा संपवावा तशी संपतात. पण आपल्याला नाताळ परका आहे असं समजू नका. रोह्यातून वाहणारी कुंडलिका समुद्राला मिळते ती रेवदंड्याशी, आणि त्या खाडीच्या तोंडावर कोर्लई आहे. पोर्तुगीज १७४०च्या सुमाराला गेले, पण किल्ल्याखालच्या गावातले ख्रिस्ती लोक राहिले आणि त्यांनी आपली पोर्तुगीज-मराठी मिश्र बोली आजवर टिकवली. आपल्या नदीच्या टोकाला पिढ्यान् पिढ्या नाताळ आहे, बर्फाशिवाय, माशांच्या कालवणासकट. तिकडे वसईत मराठी ख्रिस्ती लेखनाची मोठी परंपरा आहे. तिथल्या 'सुवार्ता' मासिकाचे अनेक वर्षं संपादक असलेले फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२०च्या उस्मानाबाद साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते.

आणि आता मला सगळ्यात आवडलेली गोष्ट. चार्ल्स डिकन्सचं 'अ ख्रिसमस कॅरल' १९ डिसेंबर १८४३ला बाजारात आलं. पहिल्या सहा हजार प्रती नाताळच्या आदल्या दिवसापर्यंत संपल्या. मग डिकन्सने नाताळची गोष्ट हा जवळजवळ वार्षिक उद्योगच केला, आणि विलायतेतल्या मासिकांचे नाताळ विशेषांक निघू लागले: सणाच्या सुट्टीत घरातल्या सगळ्यांनी वाचावेत असे जाड, सचित्र अंक. मुंबईत 'मनोरंजन' मासिक चालवणारे काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी ते पाहिले. त्यांना वाटलं, आपला सण दिवाळी, आपण दिवाळीचा काढू. १९०९ मध्ये 'मनोरंजन'चा दिवाळी अंक निघाला, मराठीतला पहिला. म्हणजे फराळाच्या ताटाशेजारी आपण जो अंक ठेवतो तो नाताळ अंकाचा मराठी भाऊ आहे. 'मराठीत कोझी हॉलिडे फिक्शन का नाही' असं विचारणाऱ्यांना घरातल्या सोफ्याखालचा गठ्ठा दाखवा.

म्हणून नाताळच्या आठवड्यासाठी माझा बेत असा. 'अ ख्रिसमस कॅरल' जेमतेम शंभर पानांचं आहे, प्रोजेक्ट गुटेनबर्गवर फुकट, फोनवर उतरवून घ्या. भुतं आहेत, पण भीती वाटते ती स्क्रूजच्या ऑफिसची: कारकुनाला एका दिवसाची सुट्टी देताना मालकाचा जीव जातो. आयटीवाल्यांनी डिसेंबरच्या रिलीजआधी वाचू नये. ओ. हेन्रीची 'द गिफ्ट ऑफ द मॅजाय' ही १९०५ची कथाही तिथेच आहे. गरीब जोडपं, नाताळची भेट, तिचे केस आणि त्याचं घड्याळ. दिव्याला जाणारी मेमू रोह्याहून सुटली की नागोठणं यायच्या आत वाचून होते, आणि पेणपर्यंत खिडकीबाहेर बघत बसावं लागतं.

मराठीत तशीच ऊब हवी तर चिं. वि. जोशींचे चिमणराव. १९३३चं 'चिमणरावांचे चऱ्हाट' घ्या. चिमणराव, काऊ, गुंड्याभाऊ, आणि घरात रोज काहीतरी फसलेलं. प्रेम हा शब्द फारसा येत नाही, पण त्या घरात कोणी कोणाला सोडून जाणार नाही याची खात्री पहिल्या चार पानांत होते. मोठ्याने वाचा, एकट्याने नको.

पुस्तकं कुठे मिळतील हे दरवेळी विचारता, म्हणून आताच सांगते. 'स्मृतिचित्रे', 'स्वामी', 'गारंबीचा बापू' कुठल्याही बऱ्या वाचनालयात असतात. नसतील तर मागवायला सांगा, वाचनालयवाल्यांना मागणी आवडते. रमाबाईंच्या आठवणींसारख्या जुन्या पुस्तकांच्या आवृत्त्यांचे स्कॅन इंटरनेट आर्काइव्हवर सापडतात. फोनवर अक्षर बारीक दिसतं, आडवा धरा. आणि यंदाचे दिवाळी अंक विकत घ्यायचे राहिले असतील तर डिसेंबरात वाचनालयात जा. दिवाळीत ज्यांच्यासाठी नंबर लावावा लागतो ते आता कपाटात निवांत पडलेले असतात.